शीर, सुई आणि स्पर्श

माझ्या उजव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, एक काळसर डाग होता. तो जायला दोन महिने लागले. डाव्या हातावर, कोपराच्या चार बोटे खाली, दुसरी एक बारीक खूण होती. ती आठ दिवसांत गेली. दोन्ही खुणा एकाच रात्रीच्या, एकाच दवाखान्यातल्या आणि एकाच बाळंतपणाच्या. एक सुई रात्रभर दुखली, दुसरी लागली तरी जाणवली नाही, एवढाच काय तो फरक. मी कॉलेजात इतिहास शिकवते. या एवढ्याशा फरकालाही इतिहास आहे आणि तो आपल्या समाजाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही, असे माझे मत झाले आहे. म्हणून हे लिहिते आहे.

प्रसंग आधी सांगते. रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका दवाखान्यात मी संध्याकाळी दाखल झाले. बरोबर आई होती. हातात ओटीभरणाच्या वेळी भरलेला हिरवा चुडा होता. ड्यूटीवरच्या सिस्टरने नाव विचारले, मग आडनाव विचारले. मी सांगितले. तिने बांगड्या वर सरकवल्या, माझे मनगट दोन बोटांच्या चिमटीत धरले आणि दंडाला रबर आवळले. तीनदा टोचले. "शीरच सापडत नाही तुमच्या हाताला," ती म्हणाली. चौथ्यांदा मनगटाच्या घडीतच सुई गेली. सलाईन सुरू झाले. पण मनगट वाकवले की थेंब थांबत आणि कळ आली की मी खाटेची दांडी धरायची, तेव्हा आतून टोचायचे. पोटातली कळ परवडली, हातातली नको, असे झाले. रात्री हात सुजू लागला. मी सांगितले तर उत्तर आले, "सगळ्यांनाच लावतात. तुम्हालाच कसं दुखतं?"

मी एम.ए. आहे, नेट झालेली आहे, वर्गात साठ पोरांपुढे उभी राहून बोलते. त्या वेळी मला तोंडातून शब्द काढता आला नाही. आई तर भिंतीला टेकून उभीच होती.

रात्री ड्यूटी बदलली. आलेली सिस्टर वयाने मोठी होती. तिने हाताकडे पाहिले आणि म्हणाली, "अगं बाई, सलाईन शिरेबाहेर चाललंय." तिने ते बंद केले, सुई काढली, कापूस दाबून धरला. मग विचारले, "लिहितेस कुठल्या हाताने?" उजव्या म्हटल्यावर तिने माझा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि नुसता धरून ठेवला. आईला म्हणाली, "आजी, गरम पाण्यात फडकं पिळून आणा बघू." हात शेकला, खाली लोंबता सोडला आणि मग तिने कोपराखाली बोटाने चाचपायला सुरुवात केली. तिची नजर हातावर नव्हतीच, भिंतीवर होती. "दिसत नाही, पण आहे," ती म्हणाली. एकदाच टोचले.

पहिल्या सिस्टरने जात पाहून माझा हात चिमटीत धरला, असे मी म्हणणार नाही. मला ते सिद्ध करता येणार नाही. वॉर्ड भरलेला होता आणि ती एकटी होती, हेही मी पाहिले. परंतु आडनाव सांगितल्यावर तिने हात कसा धरला, ते मी पाहिले आणि आईनेही पाहिले. आम्ही एकमेकींना काही बोललो नाही. दुसऱ्या एखाद्या बाईने याला नशीब म्हटले असते आणि ती विसरून गेली असती. आम्हाला तसे म्हणता येत नाही. हा संशय आमच्या मनात कुठून आला, हे सांगणे इतिहासाचे काम आहे.

*

माझी आजी सुईण होती. रेवदंड्याच्या खाडीपलीकडच्या आमच्या बौद्धवाडीतली आणि आसपासच्या चार गावांतली बाळंतपणे तिने केली. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी हे काम मांगवाड्यातल्या बायकांकडे असे, काही ठिकाणी महारवाड्यातल्या बायकांकडे. याचे कारण उघड आहे. बाळंतपण हा विटाळ मानला गेला. रक्त, नाळ, वार, घाण या सगळ्याला हात लावायचा तर विटाळलेलाच हात हवा. सवर्ण घरातली बाई अडली की आजीला मागच्या दाराने आत घेत. तिथे तिच्या स्पर्शाला बंदी नसे. ती बाळंतिणीच्या पोटावरून हात फिरवी, मूल हातात घेई, नाळ कापी. बाराव्या दिवशी न्हाणे-धुणे झाले, सोयर फिटले, की तोच हात पुन्हा विटाळाचा होई. मग आजीने अंगणात उभे राहायचे, आणि तांदूळ, नारळ, जुने लुगडे वरून पदरात टाकून घ्यायचे.

आजीची एक रीत आईने मला सांगितली आहे. अडलेल्या बाईला हात लावण्याआधी आजी आपले हात गरम पाण्यात बुडवी, खोबरेल चोळी आणि मगच पोटाला लावी. "गार हात लागला की बाई आकसते," असे ती म्हणे. ज्या बाईच्या हाताचा विटाळ होत होता, तिने दुसरीच्या अंगाला हात लावण्याचे शास्त्र असे जपले होते. हे ज्ञान कुणी पुस्तकात लिहिले नाही.

१९५६ साली बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. पुढे आमच्या वाडीनेही गावकीची कामे सोडली. मेलेले ढोर ओढायचे नाही, सांगावे घेऊन धावायचे नाही, असा ठराव झाला. सुईणपण सोडायचे का, यावर वाद झाल्याचे घरात सांगतात. आजीचे म्हणणे होते, "ढोर वडायचं सोडलं ते बरं केलं. पण अडलेली बाई कशी सोडायची?" मग एवढेच ठरले, की जायचे ते पुढच्या दाराने. काही घरांनी पुढचे दार उघडले, काहींनी आजीला बोलावणेच सोडले.

सवर्ण बाईच्या उशाशी निदान आमची आजी होती. आमच्या बाईच्या उशाशी कोण होते? हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारते आहे असे नाही. १८५५ साली मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने तो विचारला आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी ही मुलगी तेव्हा चौदा-एक वर्षांची असेल. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परही नसते, थंडीवाऱ्यात त्यांचे काय होत असेल, बाळंतरोग झाला तर औषधाला आणि वैद्याला पैसा कुठून आणायचा, असे तिने विचारले आहे. फुकट औषध देणारा वैद्य तुमच्यात कोण होता, असा सवालही तिने केला आहे. मराठीतले हे फार जुने दलित स्त्रीलेखन, आणि त्यात बाळंतिणीचा विषय आहे. तिला कल्पनेने लिहायची गरज नव्हती. वाड्यात ते रोजचे होते.

*

आता दवाखान्याकडे येऊ. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण सगळे जाणतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले आणि आपला इतिहास फिरला. महाड तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले. या जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड झाले. परंतु ज्या ठरावाच्या आधारावर हा सत्याग्रह उभा राहिला, तो ठराव आपण पुरता वाचत नाही. सीताराम केशव बोले यांनी मांडलेला हा ठराव मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असे त्यात आहे. पुढे आणखी चार नावे येतात : शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने. म्हणजे १९२३ साली दवाखान्याची पायरीही आम्हाला ठराव करून मागावी लागत होती. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला, पण तो कागदावर राहिला. तळ्यासाठी माणसे डोकी फोडून घेऊन लढली. कोर्टकज्जा चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आमच्या बाजूने निकाल दिला. दवाखान्यासाठी असा एक मोठा सत्याग्रह झाला नाही. तो लढा एकेका घराने एकेकटे, दाराशी उभे राहून दिला. त्यात पुष्कळ घरे हरली.

अशा एका घराची हकिगत बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत नोंदवून ठेवली आहे. त्यांच्या हयातीत त्या छापल्या गेल्या नाहीत. १९९० साली 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने त्या पुस्तिकारूपाने आल्या. ही हकिगत काठेवाडातली. १२ डिसेंबर १९२९च्या 'यंग इंडिया'त छापलेल्या पत्रातून त्यांनी ती घेतली आहे. अस्पृश्य समाजातल्या एका शाळामास्तरची बायको पाच तारखेला बाळंत झाली. सात तारखेला आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावच्या नगरशेठने मध्यस्थी केली. दोन रुपये फी ठरली, आणि बाळंतिणीला वस्तीबाहेर आणून बसवावे अशी अट पडली. तापाची नळी डॉक्टरने एका मुसलमान माणसाच्या हातात दिली, त्याने ती नवऱ्याच्या हातात दिली आणि नवऱ्याने बायकोला लावली. नळी त्याच वाटेने परत आली. रात्रीची वेळ होती. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात नळी पाहिली आणि न्यूमोनिया आहे असे सांगितले. बाई दगावली.

ही हकिगत मी वर्गात शिकवते तेव्हा पोरे गप्प होतात. मला त्यातली एक गोष्ट विशेष बोचते. तो माणूस मास्तर होता. शिकलेला होता. दोन रुपये द्यायची त्याची तयारी होती. शिक्षण आणि पैसा दोन्ही हातात असून बायकोच्या अंगाला डॉक्टरचा हात लागला नाही. शिकलो की स्पर्श आपोआप मिळतो, हा आपला भाबडेपणा आहे. माझ्या एम.ए.ची किंमत त्या रात्री मला कळलीच.

या आठवणी लिहिणाऱ्या बाबासाहेबांच्या घरातले दुःखही आठवावे. त्यांची आणि रमाईंची चार मुले लहानपणीच गेली. लाडका राजरत्न १९२६ साली गेला. त्यानंतर वर्षाच्या आत महाडचा सत्याग्रह झाला. दोन वर्षांनी, जुलै १९२८मध्ये, मुंबई कायदेमंडळात गिरणीकामगार बायकांच्या बाळंतपणाच्या रजेचे बिल आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याची बाजू घेतली. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली तो कायदा झाला. तो कारखान्यातल्या बाईपुरता होता. खारीत लावणी करणाऱ्या माझ्या आजीला तो लागू नव्हता. पण आईचे सुख ही दयेची बाब नसून हक्काची बाब आहे, हा विचार तिथे कायदेमंडळात मांडला गेला.

*

तापाची नळी तिसऱ्याच्या हातून देता येते. सलाईनची सुई तशी देता येत नाही. शीर शोधायची तर दुसऱ्याचा हात आपल्या हातात घ्यावाच लागतो. म्हणून मला सलाईनचा इतिहास महत्त्वाचा वाटतो.

सलाईन म्हणजे मिठाचे पाणी. एक लिटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत जेमतेम एक लहान चमचा. आमच्या उरण-पेणच्या मिठागरांत ज्याचे ढीग पडतात तेच हे मीठ, फक्त शुद्ध केलेले. हे मिठाचे पाणी शिरेत गेले ते पटकीच्या साथीमुळे. १८१७ साली बंगालात उसळलेली पटकी फिरत फिरत १८३१ साली इंग्लंडला पोहोचली. तिथे ओशॉनेसी नावाच्या तरुण आयरिश डॉक्टरने पटकीच्या रोग्यांचे रक्त तपासले आणि त्यातले पाणी आणि क्षार निघून जातात असे दाखवले. हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला आला आणि हिंदुस्थानात तारायंत्राच्या तारा टाकण्याचे काम त्याने केले. त्याचे म्हणणे वाचून स्कॉटलंडमधल्या लीथ गावच्या टॉमस लाटा या डॉक्टरने १८३२ साली क्षाराचे पाणी सरळ रोग्याच्या शिरेत सोडले. त्याचा पहिला रोगी एक म्हातारी बाई होती. मरणाच्या दारातून ती उठून बसली, बोलू लागली. पुढे पाणी थांबले आणि काही तासांनी ती गेली. डॉक्टरचे नाव इतिहासात राहिले. म्हातारीचे नाव कुणी लिहून ठेवले नाही. गरिबाच्या शिरेवर शास्त्र शिकायचे आणि गरिबाचे नाव विसरायचे, ही रीत सगळ्या जगाची दिसते.

बाळंतिणीच्या खाटेशी सलाईन पोहोचायला आणखी शंभरावर वर्षे लागली. त्याची दोन-तीन कारणे सांगता येतात. १९४६ साली न्यूयॉर्कच्या मेंडेलसन या डॉक्टरने दाखवले, की बाळंतपणात भूल दिलेल्या बाईच्या पोटातले अन्न उलटून फुप्फुसात जाऊ शकते आणि तिच्या जिवावर बेतते. मग दवाखान्यांनी बाळंतिणीचे खाणेपिणेच बंद केले. पोटातून पाणी नाही म्हणून शिरेतून पाणी. दुसरे कारण कळांच्या औषधाचे. १९५३ साली अमेरिकेत द्यू विन्यो या शास्त्रज्ञाने ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत तयार केले; १९५५ साली त्याला नोबेल मिळाले. कळा वाढवण्यासाठी हे औषध थेंब मोजून सलाईनमधून देतात. तिसरे कारण रक्तस्रावाचे, आणि ते सर्वांत खरे आहे. बाळंतपणानंतर रक्त वाहू लागले तर काही मिनिटांत बाई हातची जाते. अंगातले रक्त उतरले की शिरा बसतात आणि तेव्हा शोधून सापडत नाहीत. म्हणून आधीच शीर धरून ठेवायची. सुई जाडसर घालतात तीही त्यासाठीच, कारण वेळ आली तर पाणी आणि रक्त झपाट्याने देता आले पाहिजे. तेव्हा सलाईनच नको, असे माझे म्हणणे नाही. आपल्या बायका अशक्त, अंगात रक्त कमी. आपल्याला तर ती शीर धरून ठेवणे अधिकच गरजेचे.

प्रश्न ती कशी धरायची याचा आहे. पूर्वी शिरेत लोखंडी सुईच राहायची. नव्वदच्या दशकात माझा धाकटा भाऊ दवाखान्यात झाला, तेव्हा आईच्या हाताला औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा बांधला होता. हात हलला तर सुई शीर फोडायची म्हणून. मूल झाल्यावर ते त्या हाताने घेताही आले नाही, असे आई सांगते. वास्तविक १९५० सालीच अमेरिकेतल्या रोचेस्टर गावी डेव्हिड मासा या डॉक्टरने सुईवर बसणारी प्लॅस्टिकची नळी काढली होती. सुईने शीर गाठायची, नळी आत सरकवायची आणि सुई काढून घ्यायची. आत राहते ती फक्त मऊ नळी. आज खेड्यातल्या दवाखान्यातही हीच नळी वापरतात. पण ती लावल्यावर आत सुई नाही, हे बाईला कुणी सांगत नाही. त्यामुळे ती रात्रभर हात लाकडासारखा ताठ धरून पडते. रात्रीच्या सिस्टरने मला सांगितले, "आत सुई नाही गं. मऊ नळी आहे. हात हलव, उठ, चाल." या एका वाक्याने माझा अर्धा त्रास गेला.

*

त्या सिस्टरने काय काय केले ते येथे नीट नोंदवते, कारण हेही ज्ञान आहे आणि ते आपल्या बायकांपर्यंत पोचले पाहिजे. ज्या हाताने बाई लिहिते, भाकरी थापते, तो हात तिने मोकळा ठेवला. मनगट आणि कोपराची घडी टाळून सपाट जागा धरली. अंगठ्याच्या मुळाशी शिरेला लागून मज्जातंतू जातो, म्हणून तिथले टोचणे फार दुखते आणि त्याची कळ दिवसेंदिवस राहते, हे मला नंतर कळले. तिने हात शेकला. ऊब लागली की शीर फुगते. आमच्या काळ्या कातडीवर शीर निळी दिसत नाही, ती बोटानेच शोधावी लागते. तेव्हा "तुमच्या हाताला शीर नाही" या बोलण्याचा अर्थ "मी बोट लावून पाहिले नाही" एवढाच असू शकतो. स्पिरिट लावल्यावर ते वाळेपर्यंत ती थांबली. ओल्यावर टोचले की आग होते. बांगड्या तिने फोडल्या नाहीत. साबणाच्या पाण्याने एकेक उतरवून आईच्या पदरात दिल्या. चिकटपट्टी लावताना नळीच्या खाली कापसाची घडी ठेवली. एक बाटली संपल्यावर डॉक्टरांना विचारून नळी हातातच ठेवली, बाटली सोडवली आणि मला व्हरांड्यात फिरू दिले. "सुजलं, आग झाली, गार वाटलं, लगेच सांग. सोसत बसू नकोस," असे ती दोनदा म्हणाली.

यातल्या कशालाही पैसा लागत नाही. यंत्र लागत नाही. पाच मिनिटे जास्त लागतात आणि हात हातात घ्यावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली बाळंतपणाच्या काळजीविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. धोका नसलेल्या बाईला कळांच्या काळात खाऊ-पिऊ द्यावे, हिंडूफिरू द्यावे, तिच्या पसंतीचे माणूस जवळ राहू द्यावे, असे त्यात आहे. बाळंतपण लवकर व्हावे म्हणून सलाईन लावू नये, असेही आहे. आपल्या केंद्र सरकारनेही २०१७च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात बाळंतिणीला सन्मानाने वागवण्याची गोष्ट घातली. ज्याला आपण सोय म्हणतो, चैन म्हणतो, ते आता उपचाराचाच भाग मानले जाते.

आणि एक जुना कायदा आहे. १९५५च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याचे, म्हणजे १९७६पासूनच्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचे, पाचवे कलम दवाखान्यांविषयी आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून दवाखान्यात प्रवेश नाकारणे हा गुन्हा आहेच. पण कलम तिथे थांबत नाही. दाखल करून घेतल्यावर भेदभाव करणे हाही गुन्हा आहे. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते, की दार उघडले तरी खाटेपाशी अस्पृश्यता उरते.

दार आता उघडले आहे, हे मान्य केले पाहिजे. २००५-०६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ३८.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत होती. २०१९-२१मध्ये हे प्रमाण ८८.६ टक्के झाले. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषध, जेवण, गाडी मोफत, अशी योजना २०११पासून आहे. मुक्ता साळवेने विचारलेल्या पैशाच्या प्रश्नाला दीडशे वर्षांनी का होईना, कागदावर उत्तर मिळाले. छप्पर मिळाले, खाट मिळाली, बाटली मिळाली. स्पर्शाचा प्रश्न मात्र कागदावर सुटत नाही. न शिवणे हा गुन्हा ठरवता येतो. चिमटीत धरणे हा गुन्हा कसा ठरवणार?

आणखी एक गोष्ट त्या वॉर्डात दिसली. सुई लावणारे हात बदलले, पण खाटेखालचे रक्त पुसणारे हात बदललेले नव्हते. ज्यांना सगळे 'मावशी' म्हणत, त्यांतल्या दोघींशी मी बोलले. दोघीही आमच्यातल्याच निघाल्या. आजीच्या कामातला मान आणि शास्त्र दवाखान्याने उचलून पदवीवाल्यांच्या हाती दिले, घाण तेवढी मूळ मालकिणीकडे ठेवली. पहाटे मूल झाले तेव्हा घाबरलेल्या माझ्या आईला पाणी आणून देणारी मावशीच होती.

*

रात्रीच्या त्या सिस्टरची जात मी विचारली नाही. ती आमच्यातली असती तर लोक म्हणाले असते, आपल्या माणसाने केले. सवर्ण असती तर म्हणाले असते, बघा, सगळेच तसे नसतात. मला दोन्ही वाक्ये नको आहेत. चांगला स्पर्श कुणाच्या मेहरबानीवर किंवा नात्यावर अवलंबून असावा, हेच मला मान्य नाही. अडलेल्या बाईचा हात दोन्ही हातांत घेणे हा धंद्याचा धर्म आहे आणि तो प्रत्येक बाईच्या वाट्याला आला पाहिजे.

म्हणून माझे मागणे साधे आहे. आपल्या वाड्यांत जयंतीच्या वेळी व्याख्याने होतात, महिला मंडळे जमतात. तिथे गरोदर बायकांना एवढे सांगावे : लिहिता-राबता हात मोकळा मागा. मनगटात नको म्हणा. शेकायला गरम फडके मागा. सुजले तर सांगा. एकदा ऐकले नाही तर दुसऱ्यांदा सांगा, आणि बरोबरच्या माणसालाही बोलायला लावा. सोसणे हा आपल्या बायांचा दागिना नव्हे. आणि आपल्या ज्या मुली नर्सिंगला जातात, ज्यांची संख्या आता बरीच आहे, त्यांना सांगावे, की बाळंतिणीला हात लावण्याआधी आपला हात गरम करा. हे तुमच्या पणजीचे शास्त्र आहे.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी आई माझ्या उजव्या मनगटाच्या डागावर तेल चोळत होती. खूप वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या पहिलीला मी बोलायला पायजे होतं."

मी म्हटले, "मीही बोलले नाही, आई. मी तर शिकलेली."

ती म्हणाली, "हिच्या येळेला बोलू." आणि पाळण्यातल्या मुलीला घ्यायला तिने हात पुढे केले. घेण्याआधी दोन्ही तळवे एकमेकांवर घासून तिने ते गरम केले.